दमसास

मी मिरजेतील एका रुग्णालयात फुप्फुसांच्या तपासणीचे काम करतो. गेल्या लग्नसराईत बँडमध्ये युफोनियम हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य वाजवणारा तेवीस वर्षांचा एक तरुण आमच्याकडे आला. वाजवताना दम पुरत नाही, अशी त्याची तक्रार होती. सोबत त्याला वाद्य शिकवणारे साठीचे मास्तर होते. नाकाला चिमटा लावून त्याने तीनदा जोरात फुंकले, तेव्हा यंत्राने ४.८ लिटर हवा दाखवली. फुप्फुसे उत्तम होती. तसा अहवाल देऊन त्याला परत पाठवणे मात्र मला पटेना.

"वाद्य गाडीतच आहे, आणतो," असे मास्तर म्हणाले.

वाजवण्याआधी घेतोस तसाच श्वास घे आणि तो यंत्रात पूर्ण सोड, असे मी त्याला सांगितले. त्याचे खांदे वर चढले आणि आकडा आला ३.३ लिटर, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा तो भरतच नव्हता. नंतर मधल्या सप्तकातला एक हलका स्वर त्याने पंधरा सेकंद धरला, आणि त्या स्वरात वाऱ्याची सळसळ मिसळलेली होती, कारण ओठांत जास्त फट राहिली की काही हवा ओठांना न थरथरवताच निसटते. भरलेली फुप्फुसे स्वतःच्या ताणाने हवा बाहेर लोटतात. ती निम्म्याखाली आली की स्नायूंना जोर लावावा लागतो आणि तो ताण गळ्यापर्यंत चढतो. तो यालाच दम लागणे म्हणत होता.

तोच स्वर मास्तरांनी चोवीस सेकंद धरला. कुतूहलाने मी त्यांनाही फुंकायला लावले, तर त्यांची एकूण क्षमता होती ३.२ लिटर आणि वाजवताना ते त्यातले ३ लिटर भरत होते. शिष्य सेकंदाला सुमारे २२० मिलिलिटर हवा खर्च करत होता, तर गुरू सव्वाशे. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ या काळात ट्यूबा वाजवणारे अर्नॉल्ड जेकब्ज यांची फुप्फुसेही दम्याने कमकुवत होती, आणि ट्यूबा हे तर भरपूर हवा मागणारे वाद्य आहे.

पण मास्तरांच्या आलेखाने मी थबकलो. पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर आली, तर श्वासनलिका अरुंद झाल्याचा संशय घ्यावा लागतो. त्यांचा आकडा ५९ होता. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा फवारा देऊन पुन्हा फुंकायला लावले, तरी तो ६२च्या पुढे गेला नाही. इतकी वर्षे त्यांच्या वादनातील काटकसरीने हा आजार झाकून ठेवला होता.

"पुढच्या आठवड्यात तीन वराती आहेत, वाजवू ना?" त्यांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी रोजचा पंप सुरू करून होकार दिला. जाताना वाद्य तरुणाने उचलले.