उजळाईवाडीहून (कोल्हापूर विमानतळ) बॅटरीच्या व्हीलचेअरसह विमानप्रवास: माझा अनुभव

तिकीट काढायच्या आधी मी खुर्चीच्या बॅटरीवरचं लेबल वाचतो. सगळा खेळ वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचा असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट, १० एएच म्हणजे २४०. घडीच्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढून केबिनमध्येच न्यायची असते. एक असेल तर ३००पर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी १६०. जेल बॅटरी मात्र खुर्चीतच राहते, टोकं झाकून. हा आकडा, खुर्चीचं वजन, घडी केल्यावरची मापं आणि लेबलचा फोटो मी विमान कंपनीला ईमेलनेच कळवतो. फोनवर बोललेलं काउंटरवर कुणाला माहीत नसतं.

मदतीची मागणी ४८ तास आधी नोंदवायची. इथं बऱ्याच जणांची गफलत होते. नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हटलं की बहुतेकदा तिकिटावर ‘डब्ल्यूसीएचआर’ हा कोड पडतो. म्हणजे हा प्रवासी जिने चढतो. जिना जमत नसेल पण विमानात आत चालता येत असेल तर शेवटचं अक्षर ‘एस’, अजिबात चालता येत नसेल तर ‘सी’. कोल्हापूरला एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारात नेणारा बोगदा) नाही, त्यामुळे हे एक अक्षर चुकलं की विमानाच्या दारापर्यंत वर कसं न्यायचं यावर शिडीपाशीच चर्चासत्र भरतं. एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर चढायचं दार मागं असतं. म्हणून मी मागची सीट मागतो. पुढची घेतली तर अरुंद बोळातून आयल चेअरवर (विमानातल्या बोळात मावणारी अरुंद चाकाची खुर्ची) उगाच लांबची वरात.

काउंटरवर खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो काढतो. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी, मग वेगळी पिशवी. बसायची गादी आणि जॉयस्टिक सुटत असेल तर तीही सोबत घ्यायची, कारण सगळ्यात आधी मोडते ती जॉयस्टिकच. खुर्चीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवतो: ‘हँडरेस्टला धरून उचलू नका, खालच्या फ्रेमला धरा. मोटरचा क्लच असा सोडा’, आणि शेजारी बाण. लोडरची पोरं वाईट नसतात, कुठं धरायचं तेच त्यांना कुणी सांगत नाही.

टॅगवर ‘विमानाच्या दारात द्यावी’ असं लिहून घ्यायचं, नाहीतर खुर्ची सामानाच्या पट्ट्यावर जाते. उतरल्यावर तिथंच बॅटरी लावून चालवून बघतो. काही मोडलं असेल तर टर्मिनल सोडण्याआधी लेखी तक्रार करून तिची प्रत घ्यायची. बाहेर पडल्यावर सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘रस्त्यात मोडली नाही कशावरून?’