काळोखाचं पिल्लू

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा पटांगण, वडाचं झाड आणि गॅदरिंग बाकीच्यांनी वाटून घेतलं असणार, हे मी धरूनच चाललो. माझ्या वाट्याला एक शब्द उरलाय. तोही इंग्रजी, आणि बँकेतल्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्याचा एकदाही उपयोग झाला नाही असा.

आमची दहावी १९८४ची. जादा तास संध्याकाळी असायचे आणि लाईटही हटकून तेव्हाच जायची. त्या दिवशी इंग्रजीच्या बाई फळ्यावर पॅसिव्ह व्हॉइस लिहीत होत्या. लाईट गेली. वर्गात नेहमीचा आरडाओरडा झाला आणि शिपाईकाका कंदील शोधायला गेले. बाईंच्या हातातला खडू थांबल्याचं नुसतं ऐकू आलं. मग काळोखातूनच त्या म्हणाल्या, "सो आऊट वेंट द कँडल, अँड वी वेअर लेफ्ट डार्कलिंग." शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधल्या विदूषकाचं वाक्य. मेणबत्ती विझली आणि आम्ही राहिलो... "राहिलो कसे? उद्या लिहून आणा. आणि डिक्शनरी उघडायची नाही."

मी घरी डोकं चालवलं. डक म्हणजे बदक, डकलिंग म्हणजे बदकाचं पिल्लू. डार्क म्हणजे काळोख. झालं तर! झोकात लिहिलं, 'काळोखाचे पिल्लू'. वही परत आली तेव्हा खाली तांबड्या शाईत दोनच शब्द होते: 'अंडे दाखवा.' वर्गाने मला वर्षभर पिल्लू म्हटलं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोघे-तिघे अजून म्हणतात.

बाईंनी मग समजावलं ते असं. हे 'लिंग' पिल्लाचं नव्हे. जुन्या इंग्रजीत तो क्रियाविशेषणाचा एक प्रत्यय होता, दिशा किंवा अवस्था दाखवणारा. आपण 'अंधार'ला सप्तमीचा 'त' लावून 'अंधारात' म्हणतो, तसाच त्यांचा डार्कलिंग. पुढे प्रत्ययाची आठवण पुसली, लोकांना शेवटचा 'इंग' दिसायला लागला, आणि त्यांनी 'डार्कल' नावाचं क्रियापदच बनवून टाकलं. 'ग्रॉव्हल' (लोटांगण घालणं) आणि 'साइडल' (कडेकडेने सरकणं) ही क्रियापदंही अशीच मागाहून जन्मली. म्हणजे आधी पोर आणि मग बाप!

कवींची नावं त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिली होती. मिल्टन, १६६७. रात्री गाणारा पक्षी 'सिंग्ज डार्कलिंग', आणि ही ओळ सांगणारा कवी स्वतः पुरता आंधळा, दुसऱ्याकडून लिहून घेणारा. हे सांगताना बाई जरा थांबल्या होत्या. कीट्स, १८१९: 'डार्कलिंग आय लिसन'. पक्षी तोच, नाइटिंगेल, पण आता काळोखात बसलाय तो ऐकणारा. मॅथ्यू आर्नल्डच्या १८६७ साली छापलेल्या 'डोव्हर बीच'मध्ये शब्द विशेषण झाला आणि मैदानाला चिकटला. त्या डार्कलिंग मैदानात रात्री अडाणी फौजा भिडतात. आणि हार्डी. डिसेंबर १९००, शतकाची अखेर, मरगळलेला हिवाळा, आणि आपल्या कस्तुराचा भाऊबंद असलेला एक म्हातारा थ्रश गायला लागतो. ती कविता आधी दुसऱ्याच नावाने छापली होती. 'द डार्कलिंग थ्रश' हे नाव मागाहून आलं. माझं मत विचाराल तर कीट्सची ओळ सगळ्यांत सरस. तिथे 'अंधुक' किंवा 'अंधारलेला' म्हणून भागत नाही. माणूस काळोखात आहे, एवढंच आहे.

हा शब्द आता रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. किड्यांच्या शास्त्रात मात्र तो ठणठणीत आहे. जुन्या पिठाच्या डब्यात तांबूस भुंगेरे होतात ना, ते डार्कलिंग बीटलच्या कुळातले. मिल्टनपासून निघून शब्द आपल्या कणकेपर्यंत आला!

निवृत्त झाल्यावर एका दुपारी, सहज चाळा म्हणून, मोबाइलवर डॉक्टर जॉन्सनचा १७५५चा इंग्रजी शब्दकोश उघडला. डार्कलिंगचा अर्थ बरोबर दिलेला, पुढे शेरा: निव्वळ काव्यातला शब्द. हे मला पटलं नाही, विदूषक काय काव्य करत होता? पण व्युत्पत्ती वाचली आणि उठून उभा राहिलो. जॉन्सन म्हणतो, 'डार्कल'वरून आला असावा, पण तो शब्द मला कुठे सापडला नाही. किंवा मग 'यंग'चं 'यंगलिंग' होतं तसं 'डार्क'चं लघुत्वदर्शक रूप असेल. म्हणजे पिल्लूच की! आणि या गृहस्थाने सहा वर्षं आधी स्वतःच्या कवितेत हाच शब्द वापरला होता.

बाई आता मुलीकडे असतात. त्यांना लगेच फोन लावला. ऐकू कमी येतं, म्हणून सगळं दोनदा ओरडून सांगितलं. १९८४ची वही त्यांना आठवेल अशी आशा नव्हती. पलीकडे थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत होता.

"अरे," त्या म्हणाल्या, "मग त्यालाही विचारायचं होतंस, अंडं कुठंय?"