बैठकीआधीचे तीन तास

मी कारखान्यांना एअर कंप्रेसर विकतो. त्या वेळची चौकशी सरळ होती. 75 किलोवॉटचा एक स्क्रू कंप्रेसर आहे, हवा कमी पडते, जोडीला तेवढाच दुसरा हवा. परचेसने तिघांकडून कोटेशन मागवलं होतं आणि अकराची बैठक ठरली होती.

बैठकीच्या चार दिवस आधी मी दोन फोन केले. पहिला परचेसला: "बैठकीला कोण कोण बसणार?" हे विचारायला बरेच जण संकोचतात, पण समोरचे बहुतेक वेळा मोकळेपणानं सांगतात. प्लांट हेड, परचेस, फायनान्स आणि क्वालिटी. क्वालिटीचं नाव ऐकून मी थबकलो. कंप्रेसरच्या बैठकीत क्वालिटी बसते, म्हणजे हवा थेट मालाला लागत असणार. चौकशीत त्याचा उल्लेखही नव्हता.

दुसरा फोन मेंटेनन्सच्या सुपरवायझरांना. "साहेब, हवा नेमकी कधी कमी पडते?" ते जरा थांबले. "दुपारी दोननंतर. सकाळी काही त्रास नसतो." मी विचारलं, बैठकीच्या दिवशी जरा लवकर येऊन कंप्रेसर रूम बघू का? "या की. आठला या, मी असतोच."

आठला आम्ही मशीनपुढे उभे होतो. पॅनेलवर दोन आकडे असतात, एकूण चाललेले तास आणि त्यातले लोडवरचे, म्हणजे खरोखर हवा देतानाचे तास. एकूण 24,000, लोडवर 15,600. मी दोनदा वाचून घेतले. म्हणजे 8,400 तास मशीन हवा न देता नुसतं फिरलं होतं. स्क्रू मशीन अनलोडवर असतानाही पूर्ण लोडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज खातं. तासाला 20 युनिट धरले तरी एक लाख अडुसष्ट हजार युनिट झाले. हवा कमी पडते म्हणणाऱ्यांचं मशीन पस्तीस टक्के वेळ रिकामं होतं!

मग कमी पडत होतं ते काय? सुपरवायझर मला लाइनच्या टोकाला घेऊन गेले. कंप्रेसरपाशी गेज 8 बार दाखवत होता, इथे जेमतेम 6. मधला फिल्टर तुंबलेला, शेवटचा पाइप बारीक, आणि दुपारी दोनला याच टोकाला मालावर हवा मारून धूळ उडवायचं काम सुरू व्हायचं. दाब 6 च्या खाली गेला की मशीनं थांबायची. जवळपास हवा साठवणारी टाकी नव्हती. दुसरा 75 बसवला असता तरी त्या पाइपातून दोनला तीच ओढाताण झाली असती.

साडेनऊला मी गेटजवळच्या बाकावर बसलो. लॅपटॉपमध्ये बत्तीस स्लाइड होत्या, त्या बंदच ठेवल्या. एका कागदावर चौघांची पदं लिहिली आणि प्रत्येकापुढे त्याचा संभाव्य प्रश्न. खाली एकच ओळ: आज यांच्याकडून मला काय हवं? ऑर्डर नाही. सुट्टीच्या रात्री हवेची गळती मोजायची परवानगी. ही शेवटची ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती लिहिताना दुसऱ्या मशीनची विक्री मी स्वतःच्या हातानं खोडत होतो.

प्लांट हेड आत येताच म्हणाले, "मला वीसच मिनिटं आहेत." मी सुपरवायझरांना बोलवायची विनंती केली आणि थेट 8,400 पासून सुरुवात केली. प्लांट हेडनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे हे?" "हो सर, सकाळी दोघांनी मिळून पाहिलं." त्यानंतर आकड्यांवर वाद झाला नाही.

क्वालिटीच्या मॅडमनी विचारलं, "क्लास झिरो म्हणजे हवेत तेल शून्य ना?" हा प्रश्न माझ्या कागदावर होता. आयएसओ 8573-1 या दाबलेल्या हवेच्या शुद्धतेच्या मानकात क्लास 1 ची तेलाची मर्यादा घनमीटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. क्लास झिरो म्हणजे त्याहून कडक, पण नेमकी किती ते खरेदीदार आणि विक्रेत्यानं लेखी ठरवायचं. शून्य असं मानकात म्हटलेलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

फायनान्सचा प्रश्न मात्र कागदावर नव्हता. "मशीन विकायचं नाही, मग यात तुमचा फायदा काय?" मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. मग जे खरं होतं तेच सांगितलं: "मी दुसरं मशीन दिलं आणि दोनला लाइन तशीच थांबली, तर पहिला फोन मला येईल. तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल." ते काही बोलले नाहीत, पण परवानगीवर पहिली मान त्यांनीच हलवली.

सुट्टीच्या रात्री सगळी मशीनं बंद करून फक्त कंप्रेसर चालू ठेवला. कारखाना हवा वापरत नसताना कंप्रेसर जितका वेळ लोड घेतो तितकी गळती. सुपरवायझर मोबाइलवर सेकंद मोजत होते, मी लिहीत होतो. दहा फेऱ्यांची सरासरी आली: लोड 90 सेकंद, अनलोड 210. तीनशेत नव्वद, म्हणजे तीस टक्के. त्यांनी आकडा पुन्हा विचारला, टॉर्च उचलला आणि म्हणाले, "चला, टोकापासून सुरू करू." पहाटेपर्यंत आम्ही साबणाचं पाणी लावत एकेक जोड तपासत गेलो. फुसफुसणाऱ्या सत्तेचाळीस जागांवर लाल चिठ्ठ्या बांधल्या.

दुसरा कंप्रेसर त्यांनी घेतला नाही. टोकाला टाकी, मोठा पाइप आणि फिल्टर बसले. ती ऑर्डर माझीच होती.