घाटमाथ्यावरचे चार तास आणि एक लॉक नट

पहाटे निघून दुपारच्या आत पठारावरच्या तलावाशी पोहोचायचे, असा दादाचा आणि माझा बेत होता. घाटाची चढण संपून रस्ता नुकता कुठे सपाट झाला, तोच गाडी डावीकडे ओढू लागली. उतरून पाहिले, तर पुढचे डावे चाक पार बसले होते. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, पाना होता. त्यामुळे वीस मिनिटांत मार्गी लागू, असे म्हणत आम्ही मागच्या चाकांखाली दगड अडकवले. त्या वळणावर आम्ही पुढे चार तास होतो.

आमच्या गाडीच्या प्रत्येक चाकाला पाच नट आहेत. त्यांपैकी चार नेहमीचे षटकोनी, १९ मिलिमीटरच्या पान्याने सुटणारे. पाचवा लॉक नट. त्याचे डोके गोल आणि गुळगुळीत असल्यामुळे पान्याला धरायला कडच सापडत नाही आणि तोंडावर वेड्यावाकड्या खाचा असतात. त्या खाचांत नेमकी बसणारी छोटी चावी डिकीतल्या अवजारांत असते. ती नटवर दाबून बसवायची आणि तिच्या षटकोनी टोकाला पाना लावायचा. अलॉय व्हील चोरीला जाऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि चोर येईपर्यंत ती मालकाच्याच वाट्याला येते.

माझी पहिली चूक अशी, की मी आधी चारही साधे नट सैल केले आणि लॉक नट शेवटी ठेवला. दुसरी चूक त्याहून साधी होती: नटच्या खाचांत बसलेली रस्त्याची माती न काढताच मी चावी वर ठेवली. ती पूर्ण आत गेली नाही, पण हाताला घट्ट लागली म्हणून मी पान्यावर पाय दिला. ‘खट्’ असा आवाज झाला, पाना झटक्याने खाली गेला आणि मला वाटले, सुटला. नट जागचा हलला नव्हता. चावी काढून पाहिली, तर तिचे दोन दाते आडवे झाले होते आणि नटच्या खाचांत धातूचा चमकता कीस पडला होता.

नट इतका आवळला कसा गेला, याचे उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते. महिन्यापूर्वी टायर बदलले, तेव्हा कारागिराने एअर गन (हवेच्या दाबावर चालणारे नट आवळायचे यंत्र) लावून पाचही नट एका दमात आवळले होते आणि मी शेजारी उभी राहून ते पाहिले होते. अशा गाडीच्या नटला साधारणपणे १०० ते १२० न्यूटन-मीटर एवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुरतो. मोठी एअर गन याच्या कितीतरी पट जोर लावू शकते, आणि तिच्या ठोक्यांनी लॉक नटच्या चावीचे दाते झिजतात ते वेगळेच. डिकीतला पाना जेमतेम पाव मीटर लांबीचा. त्याच्या टोकावर सत्तर किलोचा माणूस पूर्ण वजनाने उभा राहिला, तरी १७० न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर मिळतो. तेवढ्याने नट हलायचा नव्हता आणि त्यात आता चावीही कामातून गेली होती.

तासाभराने एक मालट्रक येऊन थांबला. उतरलेले चालक काका वयाने मोठे होते. त्यांनी चाकाकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “ताई, आधी ते चार नट परत आवळा.” मला ते उलटेच वाटले. त्यांनी समजावून सांगितले, की बाकीचे चार सैल असले म्हणजे चाक हबवर, म्हणजे ते ज्या भागावर बसते त्यावर, सपाट टेकत नाही, सगळा तिरका ताण त्या एकट्या नटवर येतो आणि तो आणखीच रुतून बसतो. म्हणून लॉक नट नेहमी सगळ्यांत आधी सोडायचा, तोही चाक जमिनीवर असताना. चार नट पुन्हा आवळण्यात पाच मिनिटे गेली.

त्यांच्याकडे गंज सोडवणाऱ्या तेलाचा डबा होता. नटच्या कडेने ते सोडून आम्ही अर्धा तास थांबलो. नट सुटण्याचे श्रेय मी तेलाला देणार नाही. या नटचे तोंड बंद असते आणि बूड शंकूसारखे रिंगमध्ये घट्ट टेकलेले असते, त्यामुळे तेल आट्यांपर्यंत पोहोचायला वाटच फारशी नसते. ट्रकच्या मदतनिसाने चुलीसारखा जाळ लावून नट तापवण्याची कल्पना मांडली, ती काकांनी तिथेच मोडून काढली. रिंगवर चढलेला टायर तापवला तर तो फुटू शकतो, आणि फुटला तर समोर बसलेला माणूस वाचेलच असे नाही.

मग खरे काम सुरू झाले. काकांनी नटवर टोपीसारख्या बसणाऱ्या, आतून बारा कोनांच्या जुन्या सॉकेटची पेटी काढली. विचार असा, की नटच्या गोल डोक्यापेक्षा किंचित लहान सॉकेट हातोड्याने वर ठोकून बसवायचे, म्हणजे त्याचे कोन नटच्या अंगात रुततात आणि पकड मिळते. १९चे सॉकेट सैल पडले. १८चे टोकावरच अडले. “हेच,” काका म्हणाले. दादाला त्यांनी लांब उभे केले, कारण कडक पोलादावर पोलाद आपटले की कपची उडते. त्यांच्याकडे वेल्डिंगचा संरक्षक चष्मा होता, तो त्यांनी स्वतः घातला. ठोके त्यांनी अगदी सरळ दिले, तिरका एकही नाही. पहिल्या दोन ठोक्यांना आवाज पोकळ येत होता, नंतर तो भरीव होत गेला आणि आठव्या ठोक्याला सॉकेट बोटभर आत बसले. रिंगच्या भोकाची कड एका जागी चेपली. ती खूण अजून आहे.

सॉकेटला लांब दांडा लावून त्यावर सुमारे मीटरभराचा लोखंडी पाइप चढवला. काकांनी झटका दिला नाही. पाइपच्या टोकाशी दोन्ही हात ठेवून ते हळूहळू वजन टाकत गेले आणि पाइप किंचित वाकलेला मला दिसला. ‘कडाड्’ असा आवाज झाला, तेव्हा नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, म्हणजे स्टडच तुटला, असे मी धरून चालले. पण पाइप सावकाश डावीकडे फिरत होता. काकांनी पाइप काढला, दांडा तीनदा फिरवला आणि नट सॉकेटसकट हातात आला. स्टडचे आटे मी ओल्या फडक्याने पुसून नखाने तपासले. एकही मोडला नव्हता.

पुढचे काम दहा मिनिटांचे. ब्रेकच्या तबकडीवर ओघळलेले तेल पुसले, स्टेपनी चढवली, चार नट आधी हाताने बसवले आणि मग समोरासमोरच्या जोड्या धरत थोडेथोडे आवळले. पाचवी जागा रिकामीच राहिली. स्टेपनी अरुंद, तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली. एक नट कमी असल्यामुळे आम्ही त्याच्याही निम्म्यानेच गेलो. काकांनी काही घ्यायला नकार दिला. ते सॉकेट मात्र गेलेच होते, म्हणून नवे घेऊन देण्याचा आग्रह मी धरला, तेव्हा हसून म्हणाले, “ते तसेच ठेवा, नट आत आहे तुमचा.”

तलावाशी पोहोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. वाटेत पन्नास किलोमीटरनंतर मी थांबून चारही नट पुन्हा तपासले. एक जरासा सरकला. दुसऱ्या दिवशी गॅरेजात सॉकेटच्या मागच्या चौकोनी भोकातून पंच घालून अडकलेला नट ठोकून बाहेर काढला. उरलेल्या तीन चाकांचे लॉक नटही त्याच सॉकेटने काढून घेतले, सगळ्यांच्या जागी साधे नट बसवले आणि ते टॉर्क पान्याने ११० न्यूटन-मीटरवर आवळताना मी शेजारी वाकून काटा वाचत होते.