मासा मिळाला का?

दर फेब्रुवारीत हा प्रश्न येतो. दाभोळहून मावशी विचारते, इथल्या मंडळातली माणसं विचारतात, ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई विचारते. मी कॅनडात टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहते आणि वर्षातला एक दिवस गोठलेल्या सिमको सरोवरावर भोकापुढे गळ घेऊन बसते, तेही एका फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेसाठी, पैसे जमवायला. एवढं कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला: "मग, मासा मिळाला का?"

तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. पहिल्या तीन खेपांना नाही. शेपूटसुद्धा नाही. यंदाच्या चौथ्या खेपेचं उत्तर जरा लांब आहे.

सिमको टोरांटोच्या उत्तरेला, गाडीने सव्वा तासावर. क्षेत्रफळ ७०० चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे अख्खी बृहन्मुंबई उचलून आत ठेवली तरी कडेने पाणी उरेल. दक्षिण किनाऱ्यावरचं जॉर्जिना स्वतःला बर्फावरच्या मासेमारीची राजधानी म्हणवतं. जानेवारीत पाणी नीट गोठलं की किनाऱ्यापासून आत लाकडी खोपटांची वस्ती उभी राहते आणि मार्चात उठते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मात्र बर्फ इतका कच्चा राहिला की बरीच खोपटं किनाऱ्यावरच पडून राहिली. आमचा कार्यक्रमही त्या वर्षी रद्द झाला.

"बर्फ फुटला तर?" हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न. मलाही पहिल्या वर्षी हाच पडला होता. इथल्या लोकांचं गणित पक्कं आहे. स्वच्छ, काळपट-निळा बर्फ १० सेंटिमीटर असला की माणूस चालू शकतो, स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरला, २० लागतो, मोटारीला ३०. वरचं हिम भिजून पुन्हा गोठलं की पांढुरका बर्फ होतो, त्याची ताकद निम्मीच धरायची. हे सगळं पाठ करून मी गेले, आणि खोपटात बसल्यावर दहाव्या मिनिटाला पायाखालून असा आवाज आला की कोणीतरी लांबवर पत्र्याचं गोदाम पाडतंय. मी उभीच राहिले. समोरचे म्हातारे गृहस्थ गळावरची नजर न हलवता म्हणाले, "बर्फ वाढतोय. बसा." थंडीत बर्फ पसरतो, आक्रसतो, त्याला लांबलचक तडे जातात, त्याचा तो आवाज. आता सवय झाली आहे, पण तो आला की हातातला कप मी अजूनही खाली ठेवते.

खोपटापर्यंत नेतात बाँबार्डियर नावाच्या बर्फावरच्या गाडीतून. हे नाव मुंबईकरांच्या कानावरून गेलेलं असेल, पश्चिम रेल्वेच्या काही लोकलना लोक याच नावाने ओळखतात. मूळ माणूस जोझेफ-आर्मां बाँबार्डिये, क्वेबेकमधल्या एका खेड्यातला गॅरेजवाला. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला, कारण रस्ते हिमाने बंद होते आणि इस्पितळ गाठता आलं नाही. बर्फावरून चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीचं पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळालं. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्या, जहाजासारख्या गोल खिडक्यांच्या, सिमकोवर आजही माणसं वाहतात. आत समोरासमोर बाकं, डिझेलचा वास, आणि हादरे असे की दापोली-दाभोळ एसटीची आठवण यावी.

आता कार्यक्रमाबद्दल, कारण इथे लोकांचा गोंधळ होतो. ही स्पर्धा नाही. सगळ्यात मोठ्या माशाला बक्षीस नाही, फलक नाही, फोटो काढून छापणं नाही. आपण आपल्या ओळखीच्यांकडून पैसे कबूल करून घ्यायचे, आणि तेही माशामागे नव्हे, तासामागे. जितके तास भोकापुढे बसाल तितके पैसे फूड बँकेला. हा नियम करणाऱ्याला माझा नमस्कार. माशामागे ठेवले असते तर तीन वर्षं माझ्या हातून फूड बँकेला दमडी गेली नसती, आणि ज्यांना मासे लागतात त्यांनी पैशासाठी ओढत बसायचं तेही बरं दिसलं नसतं. माझ्या बारा जणांनी तासाला ५ डॉलर कबूल केले होते. सात तास बसले, ४२० डॉलर झाले. आकडा ऐकून नवऱ्याने जो विनोद करायचा तो केलाच.

दिवस असतो फॅमिली डेच्या सुट्टीचा, फेब्रुवारीतला तिसरा सोमवार. त्या शनिवार ते सोमवार आमच्या ऑंटारिओ प्रांतात कॅनडावासीयांना मासेमारीचं लायसन्स लागत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या वर्षातून एकदा उगवणाऱ्यांची सोय होते. किती मासे ठेवायचे त्याच्या मर्यादा त्याही दिवशी लागू असतात. आणि बायका नेहमी हळू आवाजात विचारतात म्हणून तेही सांगून टाकते: हो, बर्फावर एक फिरतं शौचालय ओढून आणलेलं असतं. उणे १८ अंशांत तिथवर जाऊन येणं हे मासा पकडण्याहून अवघड काम आहे.

खोपटात चौघं. दोन बाकं, गॅसवरची शेगडी, धूर आणि विषारी वायू साचू नये म्हणून कायम बोटभर उघडी ठेवलेली खिडकी, आणि जमिनीत भोकं. भोक पाडायचं यंत्र म्हणजे आपल्या सुताराचं गिरमिटच, फक्त कमरेएवढं आणि मोटर लावलेलं. भोकात पुन्हा धरणारी बर्फाची साय काढायला जे हत्यार असतं ते पाहून मी हसले होते. तो सरळ सरळ झारा आहे. भजी तळायचा. म्हाताऱ्यांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, मी त्यांना मराठी सांगितलं, आणि आता ते "झाऽरा" असं म्हणून हात पुढे करतात. निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर आहेत. चारही वेळा आम्ही एकाच खोपटात होतो, त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन, माझ्या मुलीची दहावी, सगळं एकमेकांना ठाऊक आहे. एरवी वर्षभर आम्ही एकमेकांना फोनही करत नाही. बोलणं अर्धंमुर्धं, कारण दोघांचीही नजर भोकात. मला वाटतं, समोर बघून बोलायची सक्ती नसली की माणसं बरंच बोलतात. दाभोळला धक्क्यावर गरी टाकून बसणारे लोक असेच बोलायचे. आम्हा मुलींना तिथे कोणी बसू देत नसे, मासे मोजून घ्यायला तेवढं पाठवायचे. गरवायला शिकले ती या वयात, इतक्या लांब येऊन, हातमोजे घालून.

आम्ही ज्याच्या मागे असतो तो लेक ट्राउट. नावात ट्राउट असला तरी तो 'चार' (char) नावाच्या माशांच्या जातीतला. अंग काळपट करडं, त्यावर फिकट ठिपके, शेपूट खोल दुभंगलेली. हा खोल, थंड आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातला मासा. वाढतो सावकाश आणि जगतो चाळीस-चाळीस वर्षंही. सिमकोत त्याचे हाल झाले ते यामुळेच. शेतांतून आणि गावांतून फॉस्फरस पाण्यात येत राहिला, शेवाळ माजलं, मेलं, तळाला जाऊन कुजलं, आणि कुजताना तिथला प्राणवायू खाऊन बसलं. उन्हाळ्यात वरचं पाणी पिल्लांना कोमट पडतं आणि खालच्या गार पाण्यात श्वास कोंडतो. अंडी घातली जात, पण पिल्लं मोठी होईनात. १९६० च्या दशकापासून सरकारला बाहेर वाढवलेले मासे आणून सोडावे लागले. या सरोवरासाठी २००८ मध्ये वेगळा कायदा झाला. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात उद्दिष्ट लिहिलं गेलं: खोल पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू, आणि वर्षाला सरोवरात येणारा फॉस्फरस ४४ टनांवर आणायचा. ते अजून गाठायचंच आहे. तरी सरोवरातच जन्मलेले मासे पुन्हा दिसू लागले आहेत.

ते ओळखायचे कसे, तर परांवरून. बाहेरून आणून सोडलेल्या प्रत्येक माशाचा एखादा पर आधीच कापलेला असतो. कोणता पर कापला त्यावरून तो कोणत्या साली सोडला तेही कळतं. ज्याचे आठही पर शाबूत, तो इथलाच. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोपटातला चौथा माणूस, बँकेतला कोणी तरुण, मला म्हणाला, "म्हणजे तुम्ही आणि मी पर कापलेले." तोही बाहेरूनच आलेला होता. सगळे हसले. मला तो विनोद फारसा रुचला नाही. मला कोणी टाकीत वाढवून इथे सोडलेलं नाही, मी तिकीट काढून आले.

तर यंदा. सकाळी आठला बसलो. खाली ७० फूट पाणी. बाहेर उणे १८, आणि तळाचं पाणी शून्याच्या वर, म्हणजे मासा आमच्यापेक्षा वीसेक अंश उबेत. हातभर लांबीची काठी, दोऱ्याला पांढरी रबरी नळी, तिच्या शेपटीला झालर, पोटात शिशाचा गोळा आणि गळ. ती वर-खाली नाचवायची. बाजूला फ्लॅशर नावाचं गोल यंत्र, खालच्या हालचाली रंगीत रेघांत दाखवणारं. तळाची जाड लाल रेघ, मध्ये आपल्या गळाची बारीक रेघ. साडेपाच तास या दोनच रेघा. मधल्या वेळात दशम्या खाऊन झाल्या, चटणी म्हाताऱ्यांना तिखट लागली, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दीडच्या सुमाराला तळाच्या रेघेतून एक रेघ सुटी झाली आणि वर येऊ लागली. म्हातारे कुजबुजले, "पळा." म्हणजे गळ घेऊन पळा. या माशाची गंमत अशी की गळ थांबला तर तो नुसता बघून परत जातो, आणि पळाला तर पाठलाग करतो. मी रीळ फिरवायला लागले. मागची रेघ जवळ आली, मी वेग वाढवला, तिनेही वाढवला. चाळीस फुटांवर दोन्ही रेघा एक झाल्या आणि काठी वाकून भोकाच्या कडेला टेकली.

पुढची दहा मिनिटं मला क्रमाने आठवत नाहीत. तो ओढून नेई, मी गोळा करी. मग म्हातारे गुडघ्यांवर बसले आणि ओरडले, "बुडबुडे!" भोकात खरंच बुडबुडे फुटत होते. मासा दिसायच्या आधी त्याचा श्वास वर आला. लेक ट्राउटच्या पोटातल्या हवेच्या पिशवीची वाट घशाशी उघडते, त्यामुळे खोलातून वर येताना तो जादा हवा ढेकर दिल्यासारखी सोडून देतो. इथल्या पर्च माशाला ते जमत नाही, त्याची पिशवी फुगून बसते आणि सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही. ट्राउट सोडला तर खाली जातो.

हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं नंतर मनात आलं.

अडीच किलोचा तरी होता. थंडीत बाहेर काढला तर डोळे आणि कल्ले गोठतात, म्हणून म्हाताऱ्यांनी तो भोकातल्या पाण्यातच धरून ठेवला आणि मला म्हणाले, मोजा. मी हातमोजा काढून मोजले. पाठीवरचा एक. त्याच्या मागचा इवलासा मांसल, तो दोन. शेपूट तीन. खालचा मागचा चार. पोटाखालची जोडी, सहा. कल्ल्यांमागची जोडी, आठ. पुन्हा मोजले. आठ.

ठेवायला कायद्याची हरकत नव्हती. म्हातारे काहीच बोलले नाहीत, माझ्याकडे बघतही नव्हते. मी मासे खाणाऱ्या घरातली आहे, काळवंडलेले कल्ले बघून मासेवालीशी भांडणारी. दयामाया वगैरे म्हणाल तर सुरी माझ्या पिशवीत होती आणि चिंचेचा कोळही डोक्यात होता. तरी मी मान हलवली, त्यांनी गळ सोडवला आणि हात मोकळा केला. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग डोकं खाली घालून गेला. फ्लॅशरवर एक रेघ खाली खाली जात तळाच्या लाल रेघेत मिसळली. माझी बोटं अर्धा तास शेगडीवर धरली तरी बधिर होती.

तीन वाजता सगळे उठलो. परतीच्या वाटेवर ब्रॅम्प्टनच्या देशी दुकानातून गोठवलेले बांगडे घेतले, कारण सकाळपासून माशाचं कालवण डोक्यात होतं आणि ते काही केल्या जाईना. घरी पोचते तोच दाभोळहून फोन. तिकडे मंगळवारची पहाट झाली होती, मावशी चहा घेत होती.

"मिळाला का गो?"

"मिळाला. सोडून दिला."

मी परांचं सांगणार होते, फॉस्फरसचंही. मावशीने बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "तिकडे सोमवार ना अजून? एवढी वर्षं परदेशात काढलीस, तरी वार पाळलास हो."

मी हो म्हटलं. बांगडे बुधवारी केले.