माझा अनुभव: भावाचं प्रमाणपत्र आणि साडेअकराची नोकरी

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं लागू पडली, भास थांबले, पण नोकरी काही टिकेना. डॉक्टर म्हणाले, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीत राखीव जागेसाठी अर्ज करता येतो.

त्यासाठीच्या स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. जुने केसपेपर जपून ठेवा, कारण आजार किती वर्षांचा आहे यालाही गुण असतात. बाकी चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला अडचणीप्रमाणे ० ते ४ गुण. एकूण ७ झाले की ४० टक्के.

"अंघोळीला सांगावं लागतं का? पाहुणे आले की आत जाऊन बसतो का?" डॉक्टर मला विचारत होते आणि तो शेजारी बसून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, मला काय येतं ते कुणी विचारलंच नाही गं." माझ्या फार जिव्हारी लागलं ते. सवलत हवी तर काय जमत नाही ते सांगायचं, आणि नोकरी हवी तर त्याच्या बरोबर उलटं!

प्रमाणपत्र मिळालं. पण जाहिरात निघेपर्यंत त्याने घरी बसून राहावं हे मला पटत नव्हतं. एका कारखान्यात आजाराचं नाव ऐकून "कळवतो" म्हणाले, ते आजतागायत.

शेवटी ओळखीच्या एका बाइंडिंगवाल्या काकांनी त्याच्यापुढे पुस्तकाचे छापील फर्मे (घडी घालायचे मोठे कागद) ठेवले. त्याने घडी दाबायची हाडकी घडीवर फिरवली, कोपऱ्याला कोपरा जुळवला, पानांचे आकडे तपासले. काका बघत होते. रात्रीच्या गोळीने सकाळी डोकं जड असतं, हे मी आधीच स्पष्ट सांगितलं. "मग साडेअकराला येऊ दे," काका म्हणाले. कटिंग मशीनपासून लांबची जागा आणि ओपीडीच्या दिवशी सुट्टी, एवढंच आम्ही मागितलं होतं. माझ्या मते नोकरी टिकली ती या बोलण्यामुळे. आजार लपवून लावलेल्या आधीच्या नोकऱ्यांत उशिरा येणं म्हणजे आळस ठरायचा.

आता पगार त्याच्याच खात्यात जमा होतो. प्रमाणपत्र मुदतीचं आहे, त्यामुळे पुन्हा तपासणी होईल. राखीव जागांच्या जाहिरातीही आम्ही बघतो, पण यापुढचा अर्ज मीच भरणार, असं त्याने मला बजावलंय.