गोल्फचा फुलफॉर्म? नाहीये हो!

नाशिकला गोल्फ क्लबजवळ राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "गोल्फचा फुलफॉर्म माहितीये का तुला? जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन!" आणि मग विचारणारे काका असे बघतात की जसं काही मी आता सामान बांधून दुसरीकडे राहायला जाणारे. तर ह्या फुलफॉर्मचं एकदाच काय ते लिहून टाकते.

असला काही फुलफॉर्म नाहीये. आपल्याकडे आखूड शब्द दिसला की त्याचा फुलफॉर्म लागतोच, पण आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची फॅशन मुख्यतः विसाव्या शतकातली आणि गोल्फ हा शब्द स्कॉटलंडच्या १४५७ च्या कायद्यात आहे, तोही बंदी घालायला. राजा दुसरा जेम्स, इंग्लंडशी वैर, आणि पोरं तिरंदाजीचा सराव सोडून फुटबॉल नि गोल्फ खेळतायत, म्हणून दोन्ही बंद. ऐकलं कुणीच नसणार, कारण १४७१ ला आणि १४९१ ला तेच परत सांगावं लागलं. बरं, १४९१ ला राज्य होतं चौथ्या जेम्सचं, आणि ह्याच राजेसाहेबांनी १५०२ मध्ये स्कॉटलंडमधल्याच पर्थच्या एका कारागिराकडून स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या घेतल्या. तो कारागीर कोण, तर धनुष्यं बनवणारा!

मग अर्थ काय? डच भाषेत कोल्फ म्हणजे दांडकं, त्याच्याशी नातं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. स्कॉट लोक गाउफ म्हणतात, आणि त्यांच्याकडे गाउफ म्हणजे एक ठेवून देणं पण. थोडक्यात आपला फटका, बॅटचा पण आणि आईच्या हातचा पण.

पण काकांचं सगळंच चूक नाही हं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचा रॉयल अँड एन्शंट हा गोल्फ क्लब १७५४ चा, आणि बायकांना मेंबर करून घ्यायचं ठरलं २०१४ ला! त्याच गावात बायकांनी १८६७ मध्येच आपला वेगळा क्लब काढला होता, वाट बघत बसल्या नाहीत. फुलफॉर्म खोटा आहे पण लोकांना पटतो तो ह्यामुळे.

बाकी शब्द कुठेही फिरतो. वायरलेसवर जी फॉर गोल्फ. माझा आयटीवाला भाऊ कोड गोल्फ खेळतो, म्हणजे कमीत कमी अक्षरांत प्रोग्राम लिहायचा, कारण गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो ना. आणि आमच्या नाशकात गोल्फ क्लब म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, जिथे रणजीच्या मॅच होतात, जॉगिंग ट्रॅक आहे, आणि गोल्फ खेळताना मी तरी आजवर कुणाला बघितलं नाही. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगा, तो विचारात पडतो, गोल्फ क्लब म्हणा, लगेच भाडं सांगतो.

सकाळी ट्रॅकवर आम्ही बायकाच जास्त असतो. काकाही येतात, पण जरा हळू चालतात.